पाण्याची खबर कुणाच्या बापाची?

"दादा, आम्ही फक्त आकडे देतो. निर्णय वर होतो."

हे वाक्य मला आमच्याच वस्तीतल्या एका पोरानं ऐकवलं. शिष्यवृत्तीवर शिकला, पाटबंधारे खात्यात इंजिनिअर लागला, चौदा एप्रिलला अजूनही मिरवणुकीत पुढं असतो. पोरगा वाईट नाही. म्हणूनच त्या वाक्याची मला धास्ती वाटली. ते त्याचं नव्हतंच. खुर्चीबरोबर मिळालेलं होतं. त्याच्या आधी त्या खुर्चीत जे जे बसले त्यांनी ते वापरून वापरून गुळगुळीत केलंय. आता आमची पोरं तेच वाक्य बोलायला लागली असतील, तर त्याचा हिशेब इथंच, आपल्याच पानांवर झाला पाहिजे. कारण हा अंक वाचणाऱ्यांतले निम्मे डिप्लोमा-डिग्रीला आहेत आणि निम्मे नाल्याच्या काठाला राहतात. पुष्कळदा दोन्ही एकाच घरात.

तर दोस्तहो, पूर येतो तेव्हा धरणावर तीन निर्णय होतात. पाणी किती साठवायचं. दार कधी आणि किती उचलायचं. आणि खाली कुणाला, कधी सांगायचं. पहिल्या दोन निर्णयांना तक्ते आहेत, आलेख आहेत, नियम आहेत. तिसऱ्याला काय आहे? तिसरा निर्णय माणूस करतो. कुणाला माणूस समजायचं हे मनात आधी ठरवून करतो. माझं भांडण या तिसऱ्या निर्णयाशी आहे. आणि माझं म्हणणं असं, की या तिसऱ्यातनं पहिले दोन सोडवता येत नाहीत. ज्याला सांगायचंच नाही असं ठरलेलं असतं, त्याच्या जिवावर पाणी साठवायला हात कचरत नाही.

*

पानशेत घ्या. महाराष्ट्रात पुराची गोष्ट पानशेतशिवाय सुरू होत नाही.

आंबी नदीवरचं मातीचं धरण. १९६१ चा पावसाळा तोंडावर आला तेव्हा काम पुरं नव्हतं. तरी ठरल्या मुदतीआधी पाणी अडवायची घाई झाली. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर काढायची मोरी होती, पण तिची दारं उचलायची यंत्रणा धड बसलेली नव्हती. म्हंजे घागर भरायला घेतली आणि तिला वाट ठेवली ती अर्धीमुर्धी. पाणी चढत गेलं. मोरीला हादरे बसायला लागले. मोरीवरची माती खचायला लागली. अडीच तासांत भिंत साडेचार फूट खाली बसली आणि तिचा माथा पाण्याच्या वर राहिला जेमतेम दोन फूट. पुढं तांत्रिक अभ्यास करणाऱ्यांनी लिहून ठेवलंय की सांडवा कमी पडला म्हणून हे धरण गेलं नाही, पाया कच्चा होता म्हणूनही गेलं नाही. अडचणीच्या वेळी पाणी बाहेर काढायची पुरेशी सोय नव्हती म्हणून गेलं.

या वाक्यात देव कुठं आहे? नशीब कुठं आहे? ढगफुटी कुठं आहे? पाऊस पडला, तो पडतच असतो. बाकी सगळं माणसांनी केलं. कागदावर, सहीनिशी.

११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान धरणावर वाळूची पोती टाकत होते. पावसात, अंधारात, ढासळत्या मातीवर. त्या जवानांना माझा सलाम आहे. त्यांनी भिंत रात्रभर धरली म्हणून पाणी उजेडी आलं. रात्रीच आलं असतं तर झोपेतली किती माणसं गेली असती, सांगवत नाही. पण आता मला सांगा, लष्कर बोलावण्याइतकी खबर ज्यांना होती, त्यांना खाली पुणं आहे हे माहीत नव्हतं काय? जवानांनी लोकांसाठी रात्र कमावून दिली. त्या रात्रीचं काय केलं? १२ जुलैच्या सकाळी धरण फुटलं. शहर त्या दिवशी रोजच्यासारखं उठलं होतं. पोरं शाळेला निघाली, माणसं कामाला निघाली. सावध करायला कुणी फिरलं असेल ते उशिरा, आणि इतकं थोडं की पाणी त्याच्या आधी पोचलं. खालचं खडकवासल्याचं दगडी धरण, १८७९ साली पुरं झालेलं, त्याच दिवशी गेलं. पेठा बुडाल्या, वाडे बसले, पूल गेले. वर पूर आणि खाली नळ कोरडे, कारण शहराला पाणी खडकवासल्याचं. किती माणसं मेली? सरकारी आकडा आणि लोकांच्या तोंडचा आकडा कधीच जुळला नाही.

मग आयोग. न्यायमूर्ती बावडेकर नेमले गेले, चौकशी अर्धी असतानाच त्यांचा मृत्यू झाला. पुढं न्यायमूर्ती नाईकांनी ती पुरी केली. भिंत कशानं खचली, यावर तज्ज्ञांचं पुष्कळ भांडण झालं. मोरी, माती, काँक्रीट, कंपनं. चांगलं आहे, व्हायलाच पाहिजे. पण मला विचाराल तर पानशेतचा सगळ्यात मोठा तडा भिंतीत नव्हता. तो धरणावरच्या माणसांच्या आणि नदीकाठच्या माणसांच्या मधोमध होता. त्या तड्याची मोजणी कोण करणार?

आणि एक कडू गोष्ट बोलून टाकतो. पानशेत महाराष्ट्राच्या ध्यानात राहिलं, कारण ते पाणी शनिवार-नारायण पेठेत शिरलं. मेलेल्याची जात विचारणारे आम्ही नव्हं. त्या पेठांतल्या माणसांचं दुःख खरंच होतं आणि ते लिहिलं गेलं हे बरंच झालं. पण त्याच पाण्यानं मंगळवार पेठेची, दत्तवाडीची, आंबील ओढ्याची झोपडीही नेली. त्या झोपडीच्या आठवणी कुठल्या कपाटात आहेत? वाडा पडला तर इतिहास होतो. झोपडी वाहून गेली तर नदी साफ झाली म्हणतात.

*

आता विचारा त्यांना, का नाही सांगितलं? पानशेतपुरतंच नाही, कुठल्याही धरणावर, कुठल्याही वर्षी विचारा. उत्तर तोंडपाठ असतं. घबराट पसरली असती.

या घबराटीचा मला फार राग येतो. घबराट म्हंजे काय? साहेबाला खबर कळली की ती माहिती. आणि आम्हाला कळली की ती घबराट? साहेब विचार करून पावलं टाकतो आणि आम्ही मेंढरासारखे सैरावैरा पळतो, असं का? जी माणसं दर पावसाळ्याला चूल माळ्यावर चढवतात, रेशनकार्ड आणि पोराचा जातीचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून छताला लटकावतात, म्हातारीला खांद्यावर घेऊन कुठल्या बोळातनं निघायचं हे ज्यांच्या पायांना पाठ आहे, त्यांना घाबरायचं कसं हे शिकवणार कोण? मुंबईच्या एसी खोलीतला?

संकटात माणसं कशी वागतात याचा अभ्यास अमेरिकेत १९५० पासून झालेला आहे. क्वारंटेली नावाच्या समाजशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सोबत्यांनी शेकडो आपत्ती तपासल्या. त्यांना काय आढळलं? लोक सैरभैर होऊन एकमेकांना तुडवतात हे फार क्वचित घडतं. बहुतेक माणसं आधी आपल्या माणसांना हाका मारतात, मग शेजाऱ्याला उठवतात, आणि वाट काढतात. खबर मिळाल्यानं माणसं मरत नाहीत. खबर उशिरा मिळाल्यानं मरतात.

मग घबराटीची भाषा येते कुठनं? दोस्तहो, ही भाषा आपल्या ओळखीची आहे. एकेकाळी अक्षर आमच्या कानावर पडलं तर बाटायचं. आज पाण्याची पातळी आमच्या कानावर पडली तर बिघडते. ज्ञान थोड्यांनी धरून ठेवायचं आणि बाकीच्यांना त्याच्या परिणामात बुडवायचं, ही रीत जुनी आहे. फक्त पोथीच्या जागी गेटची नोंदवही आली.

*

पण मी इंजिनिअराची अडचणही सांगतो. ती न सांगता शिव्या घालणं सोपं आहे, आणि सोप्या शिव्यांनी काही हलत नाही.

एका धरणाला दोन मालक असतात. शेती, वीज आणि शहराचं पिण्याचं पाणी म्हणतं, भर. पूर म्हणतो, रिकामं ठेव. ऑगस्टात धरण अर्धं रिकामं ठेवलं आणि पुढं पाऊस दगा देऊन गेला, तर साहेबाची मान पकडली जाते. पाणी कुणी सोडलं? कुणाच्या सांगण्यावरनं? आमदार विचारतो, पेपर विचारतो, साखर कारखाना विचारतो. उलट धरण काठोकाठ भरून ठेवलं आणि वरनं लोंढा आला, तर सगळी दारं एकदम उचलावी लागतात आणि खाली गावं बुडतात. त्या वेळी कुणाची मान पकडली जाते? पावसाची. अभूतपूर्व पाऊस, शतकातला पाऊस, निसर्गाचा कोप. म्हंजे बघा, रिकाम्या धरणाला आरोपी असतो. बुडालेल्या गावाला आरोपी नसतो. मग नोकरी सांभाळणारा माणूस कुठल्या बाजूला चुकेल? ज्या बाजूला शिक्षा नाही त्या बाजूला.

सुरतला २००६ च्या ऑगस्टमध्ये हेच दिसलं. तापीवरचं उकाई धरण. वरनं पाणी येत राहिलं, आणि शेवटी सोडावं लागलं ते नऊ लाख क्युसेकच्या घरात. सुरत शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. आधी थोडं थोडं सोडून जागा का केली नाही, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातोय. चेन्नईत १ डिसेंबर २०१५ ला चेंबरमबक्कम तलावातून २९ हजार क्युसेक अडयार नदीत आलं आणि शहर बुडालं. पुढं कॅगनं त्या विसर्गावर ताशेरे ओढले, ही आपत्ती माणसानं केलेली आहे असं म्हटलं. बरं झालं. पण ताशेऱ्याआधी दुसरंच काहीतरी झालं होतं. अडयारच्या काठची झोपडपट्टी उचलून शहराबाहेर पेरुंबाक्कमला टाकायला सुरुवात झाली. त्यात बहुसंख्य आपलीच कष्टकरी माणसं. पाणी आलं तलावाच्या दारातनं. शिक्षा झाली झोपडीच्या दाराला.

म्हणून मी म्हणतो, "आम्ही फक्त आकडे देतो" यात आकडा कुठनं येतो ते बघा. किती धोका चालेल हे ठरवल्याशिवाय आकडा निघत नाही. आणि किती धोका चालेल हे, धोका ज्याच्या डोक्यावर आहे त्याला कधी विचारलं जात नाही.

*

आता जरा दूर नेतो. पण दूरही आपलंच आहे. ब्लॅक पँथरचं नाव ऐकून ज्यांनी १९७२ साली दलित पँथर काढली, त्यांच्या पोरांना मिसिसिपी परकी नसावी.

१९२७ साल. २० मार्चला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यानंतर महिन्याभरानं, २१ एप्रिलला, अमेरिकेत मिसिसिपी नदीचा बांध ग्रीनव्हिल गावाजवळ फुटला. फुटायच्या आधी त्या बांधावर पोती कोण टाकत होतं? काळे मजूर. बंदुकीच्या धाकाखाली. बांध फुटल्यावर हजारो काळी माणसं त्याच मातीच्या चिंचोळ्या बांधावर अडकून पडली. त्यांना न्यायला बोटी आल्या. बोटींत गोरे चढले. काळ्यांना नेलं नाही. का? एकदा गेले तर परत येणार नाहीत आणि कापूस वेचायला हात उरणार नाहीत, असं जमीनदारांना वाटलं. गळ्यात चिठ्ठी अडकवून, काम केलं तर शिधा, अशी छावणी त्याच बांधावर उभी राहिली.

त्याच पुरात खाली न्यू ऑर्लिन्स शहर होतं. शहरातल्या बँकवाल्यांना भीती पडली. त्यांनी मागणी केली, सरकारनं मान डोलावली, आणि २९ एप्रिलला शहराच्या खालच्या अंगाला बांध सुरुंगानं उडवला. पाणी वळलं दोन गरीब परगण्यांवर. तिथली माणसं शिकारी, कोळी, लहान शेतकरी. भरपाईचा शब्द दिला होता. बहुतेकांना जे मिळालं ते मिळालं नाही म्हणण्याइतकंच. आणि सगळ्यात वाईट म्हंजे, वरच्या बाजूचे बांध आपसूक फुटत होतेच. सुरुंग लावायची गरजच नव्हती.

बांध कुठं उडवायचा हा प्रश्न ज्याच्यासमोर आला, तो इंजिनिअरच होता. त्याला फक्त आकडे विचारले होते. त्यानं दिले.

मी असं म्हणत नाही की कधीच कुणाचं रान बुडवून शहर वाचवायची पाळी येत नाही. येते. पण मग तीन गोष्टी आधी झाल्या पाहिजेत. ज्याचं रान बुडणार त्याला आधी सांग. त्याला आधी हलव. आणि त्याची भरपाई आधी बांध, मग पाणी सोड. या तीन गोष्टी न करता जो दुसऱ्याचं घर बुडवतो, त्यानं गणित केलं म्हणू नका. त्यानं बळी दिला.

*

आमच्या झेंड्याचा रंग निळा. आणि पाटबंधारे खात्याच्या नकाशात आमच्या वस्तीवरनं जी रेघ जाते, तिचाही रंग निळा.

पंचवीस वर्षांत एकदा येईल इतका पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा. शंभर वर्षांतला पूर जिथवर पोचतो ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध. चांगला नियम आहे. नदीला जागा पाहिजे, हे मला कबूल. पण ही रेषा वाकते ती कुणासाठी? राडारोड्याचे ट्रक रात्री नदीत कोण ओततं? भराव घालून नदीचं पात्र कोण अरुंद करतं? त्यांच्यापुढं निळी रेषा जरा लवते, सलाम करते, बाजूला सरते. आमच्या पत्र्याच्या घरापुढं मात्र ती ताठ उभी राहते. आणि पुरात आमचं घर बुडालं की तीच रेषा आमच्याकडं बोट दाखवते. तुम्ही राहायलाच कशाला आलात?

कशाला आलो? गावकुसाबाहेर ठेवलं होतं, तिथनं शहरात आलो. शहरानं नदीकाठ दिला. नदीकाठ म्हंजे शहराचं गावकुसाबाहेर. झालं उत्तर?

*

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. भेंदवाडीची घरं गेली, वीसच्या वर माणसं गेली. गळतीची तक्रार गावानं आधी केलेली होती. म्हंजे खबर इथं उलट्या बाजूनं गेली होती. खालच्यांनी वरच्यांना दिली होती. खालनं वर गेलेल्या खबरीचं काय झालं? फायलीत मुक्काम. आणि मग मंत्री तानाजी सावंत म्हणाले, खेकड्यांनी धरण फोडलं. लोकांनी खेकडे पकडून निषेध केला, सगळा महाराष्ट्र हसला. मला हसू आलं नाही. कारण या देशात खेकड्यावर गुन्हा नोंदवणं, सही करणाऱ्यावर नोंदवण्यापेक्षा सोपं आहे.

आणि आता परवाचं. २५ जुलै २०२४. पुण्यात पहाटेच्या अंधारात खडकवासल्यातनं ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी मुठेत आलं. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक उठले तेव्हा पाणी घरात होतं. आम्हाला कुणी सांगितलं नाही, असं ते ओरडून सांगत होते. ही वस्ती काही झोपडपट्टी नव्हे. सोसायट्या आहेत, चारचाक्या आहेत. त्याच पहाटे डेक्कनला पुलाची वाडीत तीन तरुण पोटापाण्याची हातगाडी पाण्यातनं हलवायला गेले आणि विजेच्या धक्क्यानं मेले.

खातं काय म्हणतं? सूचना दिली होती. असेल. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकली असेल, पेपरवाल्यांना पाठवली असेल, वेबसाइटवर चढवली असेल. मी विचारतो, सूचना दिली म्हंजे काय? साहेबानं पाठवली म्हंजे दिली, की हातगाडीवाल्याला पोचली म्हंजे दिली? नदीकाठची सभ्य सूचना अशी असते: "मुठा नदीत अमुक इतका क्युसेक विसर्ग सुरू करण्यात येत आहे, नागरिकांनी सतर्क राहावे." आता क्युसेक म्हंजे काय हे भुर्जीच्या गाडीवाल्यानं कुठं शिकावं? क्युसेक म्हंजे सेकंदाला एक घनफूट पाणी. हे सांगून तरी काय उजेड पडतो? त्याला पाहिजे ते एवढंच: पाणी तुझ्या गाडीच्या चाकाला किती वाजता लागणार. हे गणित इंजिनिअराला येतं. दार उचलल्यापासून पाणी कुठल्या पुलाला किती तासांत, हे त्याच्याकडं लिहिलेलं असतं. मग ते गणित वस्तीच्या भाषेत का उतरत नाही? कारण तसं उतरवलं नाही तर विचारणारं कुणी नाही.

*

इथं आपल्यातलाच कुणीतरी उठून म्हणेल, धरणंच नकोत. मी त्या बाजूचा नाही. बाबासाहेबही नव्हते.

१९४२ ते १९४६ व्हॉइसरॉयच्या मंडळात बाबासाहेब मजूरमंत्री होते, हे आपण भाषणात सांगतो. पण पाटबंधारे आणि वीजही त्याच खात्यात होती, हे सांगायला विसरतो. १९४३ ला दामोदर नदीनं बंगाल बुडवला. त्यानंतर दामोदर खोऱ्याची योजना ज्यांच्या खात्यात शिजली ते बाबासाहेब. पुढं १९४८ ला दामोदर खोरे महामंडळ उभं राहिलं. ८ नोव्हेंबर १९४५ ला कटकला महानदीच्या परिषदेत ते बोलले. तिथं त्यांनी मांडलं ते असं, की पाणी जास्त झालं म्हणून रडू नका. माणसाचं हाल पाणी जास्त असल्यानं होतात त्याहून जास्त पाणी नसल्यानं होतात. पाणी ही संपत्ती आहे, ती अडवा, वापरा. नदी उगमापासून मुखापर्यंत एक आहे असं समजून तिची व्यवस्था करा.

नदी एक आहे. हे वाक्य पचवा दोस्तहो. नदी एक आहे तर धरणाच्या भिंतीवर उभा असलेला माणूस आणि खाली पुलाखाली झोपलेला माणूस एकाच नदीचे आहेत. भिंतीवरच्याला जे कळलं ते पुलाखालच्याचंही आहे. महाडला आपण पाणी प्यायचा हक्क घेतला. आता पाण्याची खबर घ्यायचा हक्क बाकी आहे. तळं उघडलं, नोंदवही अजून सोवळ्यात आहे.

आणि ही धरणं बांधली कुणी? माझी आय बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर पाट्या वाहायला होती. तिच्यासारख्या लाखो बायांच्या डोक्यावरनं या महाराष्ट्राची माती भिंतीत गेली. भिंत बांधताना आमचं डोकं चालतं. भिंत खचताना आमच्या डोक्याला कळायला नको?

*

आता पुन्हा आपल्या इंजिनिअर पोरांकडं. तुम्ही राखीव जागेवर लागलात म्हणून खात्यात तुमच्याकडं कसं बघतात, हे मला माहीत आहे. एक चूक झाली तर ती तुमची राहत नाही, जातीची होते. म्हणून तुम्ही दुप्पट गप्प. वर महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९. परवानगीशिवाय माहिती बाहेर देता येत नाही. बोलणाऱ्याचं काय होतं तेही मला माहीत आहे. चीनमध्ये चेन शिंग नावाचा जलतज्ज्ञ होता. १९५० च्या दशकात हनान प्रांतात धरणांचा सपाटा लागला तेव्हा तो म्हणाला, भिंतींना दारं जास्त ठेवा. फार भित्रा आहे म्हणून त्याला बाजूला काढलं. १९७५ च्या ऑगस्टमध्ये त्याच भागात बानच्याओ धरण फुटलं, त्याच्याबरोबर आणखी कित्येक फुटली, आणि हजारोंनी माणसं मेली. मग त्याला परत बोलावलं. बरोबर ठरायची किंमत त्यानं आधी मोजली. लोकांनी नंतर मोजली.

मी तुम्हाला हुतात्मा व्हा म्हणत नाही. नोकरी टिकवा. घरात तुमच्या पगारावर पाच तोंडं आहेत. पण टिपणी लिहिता येते ना? "दार धड चालत नाही, खालच्या वस्तीला इशारा पोचलेला नाही, या स्थितीत साठा वाढवणं योग्य नाही." एवढी दोन ओळींची लेखी नोंद, तारीख घालून, वेळ घालून. वरचा ती फेटाळेल. फेटाळू दे. पण मग फेटाळणाऱ्याला सही करावी लागेल. आजवर आकडा खालनं वर गेला आणि जबाबदारी हवेत गेली. तुमच्या दोन ओळींनी ती कुणाच्या तरी टेबलावर उतरेल. आणि ज्या रात्री पाणी खरंच गळ्याशी येईल, त्या रात्री नियमांची वही मिटा आणि फोन उचला. जीव वाचवायला फोन केला म्हणून तुमची चौकशी लागलीच, तर त्या चौकशीच्या दारात आम्ही वस्ती घेऊन बसतो. हा शब्द आहे.

आणि वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी काय करायचं? नुसत्या घोषणा नकोत. पुढचा पावसाळा यायच्या आत करायची कामं सांगतो.

एक. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याप्रमाणे धरणाचा आपत्कालीन कृती आराखडा असायला पाहिजे. जुन्या धरणांना पाच वर्षांची मुदत दिलेली आहे. आपल्या नदीच्या वरच्या प्रत्येक धरणाचा आराखडा माहितीच्या अधिकारात मागा. त्यात आपल्या वस्तीचं नाव आहे का ते बघा. नसेल तर नसल्याचं लेखी घ्या.

दोन. कुठल्या वर्षी किती क्युसेक सोडलं तेव्हा पाणी वस्तीत कुठवर आलं, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून भिंतींवर निळ्या रंगानं पट्टे मारा. वर आकडा लिहा. म्हंजे उद्या सूचनेत आकडा आला की शाळेतलं पोरगंसुद्धा सांगेल, पाणी कुठल्या पायरीला लागणार.

तीन. विहारावरचा भोंगा वंदनेला आहेच, तो पुरालाही लावा. रात्री कोण जागणार, म्हाताऱ्यांना कोण उचलणार, मीटरची वीज कोण बंद करायला लावणार, नावं ठरवा. शाखा अभियंता, तहसीलदार, वॉर्ड ऑफिस, सगळ्यांचे नंबर त्याच भिंतीवर लिहा.

चार. प्रत्येक पुरानंतर गेटच्या नोंदवहीची नक्कल मागा. किती वाजता दार उचललं आणि किती वाजता खाली सांगितलं. या दोन वेळांमधलं अंतर काढा आणि नदीकाठच्या चौकात फळ्यावर लिहा. तेवढ्या मिनिटांत कुणाचं काय गेलं, तेही खाली लिहा. नाव घालून.

हा फळा दर पावसाळ्यात लागला पाहिजे. मग बघू, खेकड्यांची कोण साक्ष काढतो ते.

जय भीम.